प्रयोगशाळा कोणाच्या आरोग्यासाठी?

२०१० च्या जूनमध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबविली. मधातील शिसे आणि प्रतिजैविकांचे अंश यांवर भारताची देखरेख अपुरी आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने दिल्लीच्या बाजारातील मधाचे १२ नमुने तपासले. ११ नमुन्यांत प्रतिजैविके आढळली. त्यांत परदेशांतून आलेला मधही होता. निर्यातीच्या मधात ही औषधे किती असावीत याच्या मर्यादा भारत सरकारनेच घालून दिल्या होत्या. देशात विकल्या जाणाऱ्या मधासाठी मात्र तशी मर्यादाच नव्हती. ब्रुसेल्सच्या नागरिकाला जे अपायकारक, ते दिल्लीच्या नागरिकाला निर्धोक, असा या धोरणाचा सरळ अर्थ होता.

हा न्याय केवळ मधापुरता नाही. २०१६ साली युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या संवर्धित मत्स्योत्पादनाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. तिकडे जाणारी कोळंबी तळ्यातून काढण्यापूर्वीच तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे उभी आहे. क्लोरॅम्फेनिकॉलसारखे औषध अब्जांशांत मोजणारी यंत्रे आणि ती चालविणारे कुशल रसायनशास्त्रज्ञही देशात आहेत. तेव्हा गरीब देशाला हे परवडत नाही, ही सबब टिकणारी नाही.

उलट देशी ग्राहकाच्या वाट्याला काय येते? ७२ राज्य अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात नमूद केले. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा अधिक निघाली. प्रमाण थोडे आहे, असे सांगून समाधान मानणारे तज्ज्ञ आहेतच. पण दूध हे लहान मुलांचे आणि आजाऱ्यांचे अन्न आहे. आणि असे अंश म्हणजे गोठ्यात व पोल्ट्रीत औषधाचा वापर कसा होतो याची खूण असते. त्या वापरातून औषधाला न जुमानणारे जंतू निपजतात. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन प्राण्यांना देण्यावर बंदी घालण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

दुधाची प्राथमिक चाचणी काही अवघड नाही. उष्णता सोसणारे निरुपद्रवी जंतू, साखर आणि जांभळा रंग घातलेल्या नळीत थोडे दूध टाकून ती काही तास गरम ठेवतात. जंतू वाढले तर आम्ल तयार होऊन रंग पिवळा होतो. दुधात प्रतिजैविक असेल तर जंतू वाढत नाहीत व नळी जांभळीच राहते. काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्याही मिळतात. दह्याचे वा चीजचे विरजण बिघडू नये म्हणून कारखानदार अशा चाचण्या आवर्जून करतात. गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट काढले जाते, कारण दर त्यावर ठरतो. प्रतिजैविकावर कोणाचाच दर ठरत नाही, म्हणून ते सहसा कोणी पाहत नाही! जिथे नफा अडतो तिथे चाचणी होते. जिथे केवळ पिणाऱ्याचे आरोग्य अडते तिथे ती लांबणीवर पडते.

या प्रश्नाचे खापर शेतकऱ्यावर फोडणे सर्वांत सोपे आणि सर्वांत अन्यायाचे आहे. गाईला दगडी झाली की सडात औषध सोडावेच लागते. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वगळायचे ते छापलेले असावे, असा नियम २०१२ पासून आहे. मुदत ठरलेली नसल्यास दुधासाठी किमान ७ दिवस धरावेत, असेही तो सांगतो. दोन गाईंवर संसार चालविणाऱ्याने ते दूध ओतून द्यायचे आणि कर्जाचा हप्ता मात्र भरायचा! कराराने कोंबड्या पाळणाऱ्याची तर आणखीच कोंडी. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधेही तिचीच. याचे ते फक्त श्रम आणि शेड.

२०१८ पासून देशातील अन्नासाठीही मर्यादा ठरल्या आणि १ एप्रिल २०२५ पासून त्या अधिक कडक झाल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु नमुना उचलणारा निरीक्षक आणि तो तपासणारी प्रयोगशाळा नसेल तर राजपत्रातील आकडे राजपत्रातच राहतात. प्रत्येक जिल्ह्यातील निकाल ठरलेल्या मुदतीत, उत्पादकाच्या नावानिशी प्रसिद्ध करणे शासनावर बंधनकारक व्हायला हवे. पोल्ट्रीच्या मालात अंश आढळल्यास दंड करार देणाऱ्या कंपनीकडून वसूल व्हावा. दुधाच्या बाबतीत तर महाराष्ट्र शासनाजवळ साधन तयार आहे. २०२४ साली गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान देताना गाईच्या कानातील बिल्ल्याची नोंद सक्तीची केली होती. त्याच बिल्ल्यावर उपचाराची नोंद व्हावी आणि वगळलेल्या दुधाचे पैसे संघाने व शासनाने मिळून उत्पादकाला द्यावेत. त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद झाली पाहिजे.