समुपदेशक नेमले, पुढे काय?

तुमच्या कॉलेजमध्ये समुपदेशक आहेत का? असतील तर कुठे बसतात? वर्गातल्या दहा जणांना हे दोन प्रश्न विचारून बघा. 'आहेत बहुतेक', 'ऑफिसच्या वर कुठेतरी' अशी उत्तरं आली, तर गाडी कुठे अडलीय ते कळेल.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या यादीत महाराष्ट्र पहिला होता. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, होस्टेलमध्ये, वेबसाइटवर ठळक दिसायला हवेत. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. कायदा होईपर्यंत हे सगळं बंधनकारक आहे.

म्हणजे काम झालं? नाही. समुपदेशकांची खोली स्टाफरूमला लागून असेल तर तिथे कोण जाईल? त्यांची वेळ नेमकी प्रॅक्टिकलच्या वेळी असेल तर? आत जाण्याआधी रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागत असेल तर? या गोष्टी निकालपत्रात नसतात. त्या तुम्हालाच माहीत असतात. म्हणून व्यवस्था उभी करताना विद्यार्थी सोबत हवेत.

हे करून पाहिलेलं आहे. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये 'सेहर' नावाचा उपक्रम राबवला. शाळेत एक पेटी ठेवली. मनातलं लिहून टाकायचं, नाव घालायची सक्ती नाही. मुलांचे गट भेटून अडचणींवर बोलायचे. भित्तिपत्रक निघायचं. शाळेच्या आरोग्य समितीवरही विद्यार्थी होते. ७४ शाळांमधल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. शाळेतलं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. पण जिथे खास प्रशिक्षण दिलेला 'सेहर मित्र' हे काम पाहत होता, तिथेच. तोच कार्यक्रम शिक्षकांकडे दिला, तिथे फरक दिसला नाही.

यात शिक्षकांना नावं ठेवायची नाहीत. पण इंटर्नल्सचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्यापुढे मन मोकळं करणं किती जड जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कार्यक्रम कोणता, याइतकंच तो कोणाच्या हातात आहे हेही महत्त्वाचं.

मग तुम्ही काय मागायचं? कॉलेजच्या समितीवर दोन-तीन विद्यार्थी, तेही फक्त टॉपर किंवा सीआर नकोत. होस्टेलवर राहणारी, केटी लागलेली, गावाकडून आलेली मुलंही हवीत. समुपदेशकांची वेळ आणि जागा विद्यार्थ्यांना विचारून ठरवावी. बोलणं घरी किंवा विभागप्रमुखांपर्यंत कधी जाईल आणि कधी जाणार नाही, हे लेखी सांगावं. पेटी ठेवली तर ती कोण उघडणार आणि उत्तर कुठे लागणार, तेही ठरवा. नाहीतर महिन्याभरात तिच्यात चॉकलेटचे कागद सापडतील.

एक मर्यादा मात्र पाळा. तुम्ही समुपदेशक व्हायचं नाहीये. मित्राचं ऐकून घ्या, सल्ल्यांचा मारा करू नका. तो जीव द्यायचं बोलला, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, त्याला एकटं सोडू नका आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

उद्या कॉलेजला गेलात की हा नंबर भिंतीवर कुठे दिसतो का बघा. दिसला नाही, तर चार जण मिळून प्राचार्यांना अर्ज द्या आणि त्याच अर्जात समितीचं विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.