पहिला धडा कागदी लिंबाचा

मार्च उजाडला की बेकिंग क्लासच्या उन्हाळी बॅचेस सुरू होतात आणि पहिला पदार्थ बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: व्हॅनिला स्पंज. आमचे मत वेगळे आहे. ज्याने कधी ओव्हन लावलेला नाही, त्याच्या हाती पहिल्या दिवशी लिंबू द्यावे. लिंबाच्या पदार्थात गोड कुठे जास्त झाले, आंबट कुठे कमी पडले, हे जिभेला लगेच कळते. शिवाय त्यातले कितीतरी पदार्थ फुगवावेच लागत नाहीत, आणि नवशिक्याला धास्ती असते ती केक न फुगण्याचीच.

मात्र शिकवताना लिंबू आपले धरावे. विलायती पुस्तकांतले पिवळे, जाड सालीचे लिंबू हे निराळे फळ आहे. त्यातून ४५ मिलीच्या आसपास रस निघतो. आपल्या कागदी लिंबातून जेमतेम १५ ते २० मिली. ‘दोन लिंबांचा रस’ हे माप नोट्समध्ये जसेच्या तसे उतरवले की पदार्थ मिळमिळीत होतो आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो. रस मिलीतच मोजायला लावा. सालीचेही तसेच. कागदी लिंबाचा रंगीत थर अगदी पातळ. बारीक किसणीवर एका जागी एक-दोनदाच फिरवायचे, पांढरे दिसले की फळ वळवायचे. तो पांढरा भाग कडू असतो. कीस साखरेत बोटांनी चोळला की सालीतले तेल साखरेला लागते, ती ओलसर होते आणि वास खोलीभर पसरतो. हे पहिल्याच तासाला करून दाखवावे.

सुरुवात की लाइम पायने करावी असे आम्ही आग्रहाने सांगतो. २००६ साली फ्लोरिडाने आपला अधिकृत पाय म्हणून जाहीर केलेल्या या पदार्थातले फळ आणि आपले कागदी लिंबू एकाच जातीचे. म्हणजे इथे पर्याय शोधायची गरजच नाही, बाजारातले लिंबू हेच खरे साहित्य. १५० ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा आणि ७५ ग्रॅम वितळलेले लोणी सात-आठ इंची टिनमध्ये घट्ट दाबून १७० अंशांवर दहा मिनिटे भाजावे. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये १२० मिली रस थोडा थोडा घालत व्हिस्कने ढवळावे. आधी मिश्रण पातळ होते आणि विद्यार्थी घाबरतात. मग आम्लामुळे दुधातली प्रथिने एकमेकांना धरू लागतात आणि व्हिस्कच्या रेघा मिश्रणावर उमटून राहतात. अंडे नसले तरी फ्रिजमध्ये पाच-सहा तासांत पाय बसतो. मूळ कृतीत अंड्यांचा पिवळा बलक असतो, त्याने काप नेटका निघतो. बिनअंड्याचा जरा मऊच राहतो. तो ताठ करण्यासाठी अगर-अगर घालू नये. हिरवा रंग तर नकोच, खरा पाय फिकट पिवळा असतो.

लेमन कर्ड दुसऱ्या दिवशी. भांडे स्टीलचे, कारण ॲल्युमिनियममध्ये आंबट मिश्रणाला धातूची चव येते. मंद आच, सतत ढवळणे, आणि ७६-७७ अंशांना खाली उतरवणे. थर्मामीटरची सवय इथेच लागते.

केक तिसऱ्या दिवशी, आणि तिथे आपल्या बिनअंड्याच्या कृतींबद्दल स्पष्ट बोलायला हवे. लिंबू आणि सोडा एकत्र घालून केक हलका होतो, पण अर्धा छोटा चमचा सोडा साधारण दोन कागदी लिंबांचे आम्ल मारून टाकतो. पदार्थाचे नाव लेमन केक आणि चवीत लिंबू नाही, याचे कारण बहुधा हेच. त्यावर इसेन्स ओतणे हा उपाय नव्हे. फुगवण्याचे काम बेकिंग पावडरवर सोपवावे, पिठात सालीचा कीस घालावा आणि रस शेवटासाठी राखावा: ४५ मिली रसात ७५ ग्रॅम साखर कालवून, केक ओव्हनमधून काढल्या काढल्या, वर काडीने टोचून सावकाश ओतावा. ओव्हनच्या उष्णतेत उडून जाणारा ताजा वास असा टिकतो.

एप्रिल-मेमध्ये लिंबू महागते आणि क्लासमध्ये बाटलीबंद रस शिरतो. त्याऐवजी आत्ताच पिवळी, पातळ सालीची, हाताला जड लागणारी फळे घ्या. आधी साल किसून साखरेत मिसळा आणि ती साखर फ्रीझरमध्ये ठेवा. मग रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये १५ मिलीच्या मापाने गोठवा. एका पायला असे आठ तुकडे लागतील.