रिसेप्टरच्या परिषदेला सरकारी पैसा हवाच

१९८६ साली ॲक्सेल उलरिख लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात व्याख्यानाला आले, तेव्हा त्यांच्या हाती एक जनुक होतं, पण ते कोणत्या आजाराशी जोडायचं हे ठरलेलं नव्हतं. जेनेंटेक कंपनीत काम करणाऱ्या या जर्मन शास्त्रज्ञाने हर-२ या रिसेप्टरचं जनुक वेगळं काढलं होतं. समोर श्रोत्यांमध्ये डेनिस स्लेमन हे कर्करोगतज्ज्ञ बसले होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे नमुने त्यांनी फ्रीझरमध्ये जपून ठेवले होते. एकाकडे जनुक, दुसऱ्याकडे गाठी. दोघांनी मिळून काम करायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी त्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या, तर सुमारे ३० टक्के गाठींमध्ये हर-२ च्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या आणि नेमका त्याच स्त्रियांचा आजार लवकर उलटत होता. सप्टेंबर १९९८ मध्ये या रिसेप्टरला अडवणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीला हे औषध दिलं, की आजार परतण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो.

त्या व्याख्यानाचा खर्च किती असेल? एक विमानाचं तिकीट, एक सभागृह, फार तर एक जेवण.

संशोधन परिषदेसाठी पैसे मागायला गेलं की हाच खर्च सगळ्यात आधी चैनीच्या खात्यात टाकला जातो. उपकरणांना पैसा मिळतो, इमारतीचं भूमिपूजन होतं, परिषदेचं नाव काढलं की हॉटेल, हार-तुरे आणि स्मृतिचिन्हं डोळ्यांसमोर येतात. अशा परिषदा होतात हे खरंच आहे आणि त्यांना एक रुपयाही मिळू नये. पण पेशींचे संदेश आणि कर्करोग या विषयावर दीडशे माणसं चार दिवस एका छताखाली बसतात, ती संशोधनाच्या कामासाठीच. तो खर्च प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकात सूक्ष्मदर्शकाशेजारीच धरायला हवा.

याचं कारण या विषयाच्या घडणीतच आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं प्रथिन. बाहेरच्या टोकाला संदेश देणारा रेणू चिकटला, की आतलं टोक जागं होतं आणि पेशीला वाढायला, थांबायला किंवा मरायला सांगतं. हे ज्ञान कर्करोगाच्या रुग्णालयात जन्मलं नाही. स्टॅनली कोहेन नवजात उंदरांना लाळग्रंथींचा अर्क टोचत होते. पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा काही दिवस आधीच उघडताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या निरीक्षणाचा माग काढता काढता त्वचेच्या पेशी वाढवणारा घटक सापडला. त्याचा रिसेप्टर पुढे ओळखला गेला. तिकडे वेगळीच माणसं कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग देणाऱ्या विषाणूचा अभ्यास करत होती. त्या विषाणूचं कर्करोगजनक जनुक म्हणजे याच रिसेप्टरची अर्धवट कापलेली नक्कल आहे, हे १९८४ मध्ये प्रथिनांच्या रचना शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं. कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. उंदरांचे डोळे, कोंबड्यांचा विषाणू आणि माणसाची गाठ: इतक्या दूरच्या वाटा एकत्र यायच्या, तर त्या चालणाऱ्यांची गाठ पडायला हवी.

अमेरिकेतल्या गॉर्डन परिषदांनी ही गाठ पडण्याची व्यवस्थाच लावून दिली आहे. सकाळी आणि संध्याकाळी सत्रं, दुपार मोकळी. तिथं सांगितलेलं परवानगीशिवाय बाहेर उद्धृत करायचं नाही, हा नियम. त्यामुळे लोक फसलेले प्रयोग आणि अर्धे निष्कर्षही मांडतात. छापून आलेला निबंध घरबसल्या वाचता येतो. न छापलेलं ऐकायला तिथं जावंच लागतं. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अशा परिषदांसाठी अनुदानाची वेगळी योजना आहे.

आपल्याकडे ऑनलाइन परिषदेचा पर्याय लगेच पुढे केला जातो. करोनाकाळात तो उपयोगी पडला आणि व्याख्यान ऐकायला तो आजही चांगला आहे. पण पोस्टरच्या सत्रात काय घडतं, ते पाहावं. लहान शहरातल्या विद्यापीठातून आलेली संशोधक विद्यार्थिनी आपल्या पोस्टरपाशी उभी असते. एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ थांबतात, तिच्या वेस्टर्न ब्लॉटवरच्या एका फिकट पट्टीवर बोट ठेवून विचारतात, ‘ही अँटिबॉडी कुठली वापरलीस?’ आणि दहा मिनिटांत तिचे सहा महिने वाचतात. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये. त्यात घरभाडं, खाणावळ भागवून ही मुलगी परदेशातल्या परिषदेला स्वतःच्या खर्चाने जाऊ शकत नाही. ती परिषद खारघरला किंवा पुण्यात भरली, तर रेल्वेचं तिकीट आणि वसतिगृहातली खोली एवढ्यावर भागतं.

मग पैसा द्यायचा कोणी? औषध कंपन्या देतील, असं म्हणणं सोपं आहे. कंपन्या देतातही, पण त्यांना रस असतो बाजारात आलेल्या औषधात आणि ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातलं एक उदाहरण इथं फार बोलकं आहे. निव्होलुमॅब हे औषध पेशींवरच्या पीडी-१ या रिसेप्टरला अडवतं. कमी मात्रेतही हे रिसेप्टर व्यापले जातात, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच मोजलं गेलं होतं. टाटाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. नुसत्या नेहमीच्या उपचारावरचे रुग्ण मध्यकानुसार ६.७ महिने जगले, हे जोड दिलेले १०.१ महिने. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये हे निकाल अमेरिकेतल्या मोठ्या कर्करोग परिषदेत मांडले गेले. औषध कमी वापरून चालेल का, हा प्रश्न विचारण्यात औषध विकणाऱ्याचं हित नसतं. तो ज्या व्यासपीठावर विचारला जाईल, त्याचा खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा.

टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून राहणारी कुटुंबं पाहून कोणी म्हणेल, आधी यांची सोय करा, परिषदा मागाहून. ही तळमळ खरी आहे आणि तिला उडवून लावता येणार नाही. मात्र त्याच पदपथावरच्या रुग्णाला महिन्याला लाखांत जाणारं औषध परवडेल की नाही, हे वरच्यासारख्या प्रश्नांवर ठरतं. परिषदेचा पैसा खाटांच्या पैशातून काढावा, असं कोणी म्हणतही नाही. भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्केच खर्च करतो. टंचाईचं मूळ तिथं आहे.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा संकल्प आहे आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. या निधीतून जीवशास्त्राच्या छोट्या, बंदिस्त परिषदांसाठी ठरावीक रक्कम दरवर्षी वेगळी ठेवावी. मंजुरीचा निर्णय किमान सहा महिने आधी व्हावा, म्हणजे आयोजकांना ऐनवेळी प्रायोजकांच्या दारी जावं लागणार नाही. अनुदानाचा निम्मा भाग विद्यार्थ्यांच्या प्रवासाला आणि राहण्याला बांधून द्यावा, लहान मुलं असलेल्या संशोधकांसाठी पाळणाघराचा खर्च त्यातच धरावा, आणि वक्त्यांची यादी शास्त्रज्ञांच्या समितीनेच ठरवावी. परिषद पंचतारांकित हॉटेलात असेल, तर अर्ज पहिल्याच टेबलावरून परत पाठवावा.