समुद्राच्या पाण्याचा दाखला

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण बंबातल्या पाण्यात आधी बोट बुडवून पाहतो, घंगाळ घासूनपुसून घेतो, आणि मगच पोराला पाटावर बसवितो. तेच पोर चार दिवसांनी, सुटीत मुंबईला गेल्यावर, जुहूच्या लाटांत कमरेइतके उतरते, तेव्हा ते पाणी कसे आहे हे आपण कोणालाही विचारीत नाही! फराळाच्या ताटाशी हे कडू बोल कशाला, असे वाचक म्हणतील. पण सुटीचे बेत आखले जातात ते याच ताटाशी.

आम्ही नागपूरच्या जरीपटक्याचे. समुद्र येथून सातआठशे किलोमीटर दूर. फाळणीनंतर येथे वसलेल्या सिंधी बांधवांचे इष्टदैवत झुलेलाल म्हणजे साक्षात जलदेवता. आणि आमच्या याच उत्तर नागपुरातून पिवळी नदी मात्र शहराचे सांडपाणी घेऊन वाहते. तिच्यात पोहू नये हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, नाक पुरते. घात होतो तो येथेच. नाकाने नापास केलेले पाणी घाण, हे खरे. परंतु नाकाने पास केलेले पाणी स्वच्छ, हे कोणी सांगितले?

भारत सरकारच्या नियमाप्रमाणे समुद्रस्नानाच्या पाण्यात, दर १०० मिलिलिटरमागे, विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू १०० हून अधिक असू नयेत. अर्धा पेला पाणी आणि त्यात शंभर जंतू! ते कोणाच्या डोळ्याला दिसणार? निळ्याशार पाण्यातही ते असू शकतात, आणि गढूळ लाटेत केवळ वाळूच असू शकते. मग जुलाब, कानाचे दुखणे, अंगावरचे पुरळ यांचे खापर मात्र बिचाऱ्या भेळवाल्यावर फुटते.

"खाऱ्या पाण्यात जंतू जगतात होय?" असे विचारणारे शहाणे घरोघर आहेत. ऊन आणि मीठ यांनी पुष्कळ जंतू मरतात, हे आम्हालाही मान्य. पण सगळे मरत नाहीत. एंटेरोकॉकस हे जंतू खाऱ्या पाण्यात अधिक काळ तग धरतात, म्हणूनच अमेरिकेने १९८६ साली समुद्राच्या पाण्यासाठी त्यांची मोजणी सुचविली. "समुद्र केवढा मोठा!" हा दुसरा युक्तिवाद. समुद्र मोठा असेल. परंतु नाला जेथे किनाऱ्यावर सुटतो, तेथे तुमचे पोर आणि नाला यांच्यात किती समुद्र उरतो?

आमचा खरा राग निराळ्याच गोष्टीवर आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मुंबईच्या किनाऱ्यांवरचे पाणी तपासते. आकडे निघतात, अहवालात बसतात. पण ज्याला पाण्यात उतरायचे आहे, त्याने वाळूवर उभे राहून तो अहवाल कोठे शोधावा? शिवाय जंतू वाढवून मोजायला एक दिवस वा त्याहून अधिक लागतो. म्हणजे आकडा नेहमी कालच्या पाण्याचा. म्हणून एका आकड्यावर भागत नाही. मागच्या कित्येक तपासण्या आणि पावसाचा नियम, दोन्ही लोकांसमोर हवीत.

हे अशक्य आहे काय? पॅरिसच्या सीन नदीत पोहण्यास १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पावसाने पाणी बिघडले, तेव्हा जगाच्या देखत शर्यत पुढे ढकलली. २०२५ च्या उन्हाळ्यात नदी लोकांना खुली झाली, ती रोजच्या तपासणीनिशी आणि हिरव्या-लाल झेंड्यांनिशी. आपल्याकडेही २०२५ मध्ये श्रीवर्धन, गुहागर आदी पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मान मिळाला. त्या मानाची एक अटच अशी, की पाण्याच्या तपासणीचे निकाल किनाऱ्यावर लावले पाहिजेत. जे पाहुण्यांच्या प्रशस्तिपत्रासाठी पाच ठिकाणी करता येते, ते आपल्या लेकरांसाठी जुहूला का करू नये?

ती पाटी लागेपर्यंत निदान एवढे करा. मोठ्या पावसानंतर दोन दिवस पाण्यात उतरू नका. नाल्याच्या मुखापासून दूर राहा. अंगावर जखम असेल तर वाळूतच बसा. आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारा, "येथल्या पाण्याचा आकडा काय?" तो हसेल. हसू द्या. रोज शंभर जणांनी विचारले, तर पाटी लावावीच लागेल.