चाचांच्या डिस्चार्ज बुकातली राहिलेली नोंद



या सदरात आपण घरातल्या कागदपत्रांविषयी बोलतो. गेल्या वेळी शाळेच्या दाखल्यावरील नावाची दुरुस्ती कशी करावी हे पाहिले. त्यानंतर काही भगिनींनी विचारले की, आमच्या घरी फौजेतून निवृत्त झालेले वडील किंवा सासरे आहेत, त्यांच्या कागदांचे काय? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून शोधावे लागले नाही. आमच्याच घरात गेली दोन वर्षे हे काम चालू होते. म्हणून आज माझ्या चाचांची हकीकत सांगते.

माझे चाचा मे १९६५ मध्ये फौजेत भरती झाले आणि १८ वर्षांची नोकरी करून १९८३ मध्ये हवालदार म्हणून घरी आले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात प्रत्येक आळीत एखादा तरी फौजी आहे, त्यामुळे त्याचे कुणाला अप्रूप नाही. दर २६ जानेवारीला चाचा इस्त्रीचा कोट घालतात, डाव्या छातीवर तीन पदके लावतात आणि शाळेच्या झेंडावंदनाला जातात. तीन वर्षांपूर्वी असेच झेंडावंदन झाल्यावर चहा पिताना नुकताच निवृत्त झालेला एक तरुण सुभेदार त्यांना म्हणाला, "चाचा, तुम्ही ७१ ला शकरगडच्या आघाडीवर होतात असं सांगता. मग पश्चिमी स्टार कुठं आहे?"

त्याने सरळ मनाने विचारले होते. पण बाजूला बसलेला एकजण हसून म्हणाला, "अहो, ते ड्रायव्हर होते. आघाडीवर कुठले!"

चाचा काहीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते झेंडावंदनाला गेले ते साध्या कोटात. पदके ट्रंकेतच राहिली. चाचीने मला फोन करून सांगितले, "बेटा, ते बोलत नाहीत, पण त्यांना लागलंय."

मी गावी गेले आणि पहिल्यांदा त्यांचे डिस्चार्ज बुक नीट वाचले. आमच्या घरात हे बुक पेन्शनपुरते बाहेर निघत असे. पदकांचा रकाना कुणी कधी वाचला नव्हता. त्यात तीन नोंदी होत्या: संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे मेडल. पश्चिमी स्टार नव्हता.

इथे थोडी माहिती देते, कारण बऱ्याच घरांत ती नसते. पदके दोन प्रकारची असतात. शौर्याची पदके एखाद्या विशिष्ट कामगिरीसाठी मिळतात. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात असल उत्तर येथे शहीद झालेले ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे परमवीर चक्र असे आहे. १९४८ मध्ये नौशेरा राखणारे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचे महावीर चक्रही तसेच. दुसरी पदके मोहिमेची आणि सेवेची. ठरलेल्या काळात, ठरलेल्या भागात जो हजर होता, त्या प्रत्येकाचा त्यावर हक्क असतो, मग तो बंदूक चालवणारा असो, स्वयंपाक करणारा असो की गाडी हाकणारा. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल आहे. १९७१ साठी पूर्वेकडच्या युद्धक्षेत्राकरिता पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या युद्धक्षेत्राकरिता पश्चिमी स्टार, आणि सीमेवरच्या राज्यांत त्या काळात सेवेत असलेल्यांना संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता, त्याला २५ व्या वर्धापनदिनाचे मेडल.

या मोहिमेच्या पदकांनी पेन्शन एका रुपयानेही वाढत नाही. शौर्यपदकांचा भत्ता वेगळा. म्हणूनच अनेक फौजी "जाऊ दे" म्हणतात, आणि आमच्या चाचांनीही ५० वर्षे तेच म्हटले होते.

मी विचारले, "चाचा, तुम्ही खरंच आघाडीवर होतात ना?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "माझी पलटण मागे होती. नोव्हेंबरच्या शेवटी मला गाडीसकट दुसऱ्या युनिटला जोडलं. बसंतर नदीकडे दारूगोळा पोहोचवायचा आणि येताना जखमी आणायचे. लढाई थांबल्यावर परत पलटणीत आलो. लिहिणारा बाबू आपल्या पलटणीतला. त्याला काय माहीत मी कुठं होतो?"

गडबड नेमकी इथे होती. सैनिकाच्या नोकरीतल्या घडामोडी, म्हणजे बदली, बढती, लग्न, मुले, जोडणी आणि पदके, 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या आदेशातून त्याच्या नोंदीत जातात. जो आदेश निघाला नाही किंवा चुकीच्या नंबरावर निघाला, ती गोष्ट कागदावर घडलीच नाही.

आम्ही पहिला अर्ज केला. चार महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर आले: नोंदीप्रमाणे आपली पलटण त्या काळात पात्र क्षेत्रात नव्हती, सबब पदक देय नाही. आमचा अर्जच चुकला होता. "मी १९७१ च्या युद्धात होतो, मला पदक द्यावे" एवढेच आम्ही लिहिले होते. कोणत्या युनिटबरोबर, कोणत्या तारखांना, कुणाच्या हुकमाने, यातले काहीच नव्हते. चाचांना त्या युनिटचे पूर्ण नावही आता आठवत नव्हते.

उत्तर चाचीच्या पेटीत सापडले. निकाहनामा आणि मुलांच्या जन्माच्या चिठ्ठ्यांबरोबर तिने चाचांची पत्रे जपून ठेवली होती. चाचीला वाचता येत नाही, त्या काळी शाळेचे मास्तर ती वाचून दाखवत. त्यात डिसेंबर १९७१ मधले एक अंतर्देशीय पत्र होते. मजकूर चारच ओळींचा: मी खुशाल आहे, थंडी फार आहे, अब्बांचा खोकला कसा आहे, म्हशीला विकू नका. पण पत्राच्या मागे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात चाचांनी आपला नंबर, हुद्दा, नाव, जोडलेल्या युनिटचे नाव आणि 'मार्फत ५६ एपीओ' असे सगळे लिहिले होते. वर लष्करी टपालाचा शिक्काही होता.

त्या पत्त्याच्या आधारे आम्ही माहितीच्या अधिकारात चाचांच्याच सहीने अर्ज केला. त्या युनिटच्या डिसेंबर १९७१ मधील जोडणीच्या आदेशांची प्रत मागितली. प्रत आली. त्यात चाचा होते, पण 'शेख' पुढे होते ते मागे गेले होते, 'अब्दुल' गळाले होते आणि नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले होते. त्यामुळे तो आदेश त्यांच्या नोंदीला कधी जोडलाच गेला नाही.

आपल्या घरांत ही गोष्ट नवी नाही. शेख कधी पुढे, कधी मागे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मो.', कुठे 'एम. डी.', कोकणात आडनावाऐवजी गावाचे नाव. भरतीच्या दिवशी बाबूच्या कानाला जे ऐकू आले, तेच आयुष्यभराचे नाव. आपण हसून सोडून देतो, पण कागद ते सोडून देत नाही.

दुसरा अर्ज करताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेतली. अर्ज एका पानाचा केला. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत, त्या आदेशाची प्रत, पत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि त्यांच्याबरोबर गाडीवर असलेल्या एका जुन्या सोबत्याचे निवेदन जोडले. मूळ कागद एकही दिला नाही.

अर्ज लिहिताना मी उत्साहाने म्हटले, "चाचा, तुम्ही ६५ साली फौजेत होतात. त्या युद्धाचं मेडलही मागूया." चाचांनी माझ्या हातातले पेन काढून घेतले. "६५ ला मी रंगरूट होतो. गोळीचा आवाज ऐकला तो रेंजवर. जे माझं नाही ते लिहू नकोस. एक खोटं लिहिलंस तर जे खरं आहे तेही खोटं ठरेल." मी नंतर नियम पाहिला. रक्षा मेडलसाठी ५ ऑगस्ट १९६५ रोजी १८० दिवसांची सेवा लागत होती, चाचांची तीन महिनेही भरत नव्हती. त्यांना नियम माहीत नव्हता, तरी हिशेब बरोबर होता.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट उघडकीला आली. कागद तपासताना दिसले की फौजेच्या नोंदीत चाचीचे नाव निकाहाआधीचे, घरच्या लाडाच्या नावाने लिहिलेले आहे. आधार कार्डावर आणि बँकेत नाव वेगळेच. अल्लाह चाचांना दीर्घायुष्य देवो, पण उद्या कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली असती तर चाचीला आपणच त्यांची पत्नी आहोत हे सिद्ध करत फिरावे लागले असते, तेही एकटीने. पदकाच्या अर्जाबरोबरच आम्ही ती दुरुस्तीही करून घेतली. पदकाने पैसा मिळत नाही असे मी वर म्हटले. पण त्याच्या शोधाने चाचीची म्हातारपणाची भाकरी पक्की झाली.

ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी काय करावे, ते थोडक्यात सांगते.

आधी डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ आणि आधार कार्ड शेजारी ठेवून नाव, नंबर, जन्मतारीख, पत्नीचे नाव आणि पदकांचा रकाना ताडून पाहा. मग आपली अडचण नेमकी कोणती ते ठरवा. पदकाची नोंद आहे पण पदक हाती आले नाही, हे एक काम. पदक मिळाले होते पण हरवले, हे दुसरे. त्यात दुसरी प्रत मागावी लागते. हक्क आहे पण नोंदच नाही, हे तिसरे आणि सर्वांत वेळखाऊ. तिन्हींचे अर्ज वेगळे लिहावेत.

जवान आणि हवालदारांच्या नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला. कोकणातल्या बऱ्याच घरांत नौदलाची परंपरा आहे. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. हवाई दलातील एअरमनच्या नोंदी दिल्लीत सुब्रोतो पार्क येथे.

अर्जात युनिट, ठिकाण आणि तारखा लिहा. पुरावा म्हणून जुनी पत्रे, बदलीचे हुकूम, रजेचे पास, दवाखान्याचे कागद, सगळे शोधा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. फौजी हयात असेल तर अर्जावर त्याचीच सही घ्या, मुलाने किंवा पुतणीने मागितल्यास खासगी माहिती म्हणून नकार मिळू शकतो. तो मरहूम असेल तर वारस म्हणून पत्नीने किंवा मुलांनी नात्याच्या पुराव्यासह अर्ज करावा. सगळे करूनही नकार आला, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे जायला मुदत असते, म्हणून नकाराचे पत्र आल्यावर वकिलाला लगेच दाखवा.

आणि उशीर करू नका. जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. कागद राहिला तरी साक्ष देणारे सोबती राहत नाहीत. आमच्या चाचांसाठी निवेदन देणारे ते गृहस्थ पुढच्या रमजानआधीच अल्लाहला प्यारे झाले. आम्ही सहा महिने थांबलो असतो तर त्यांची सही मिळाली नसती.

पहिल्या अर्जापासून एक वर्ष चार महिन्यांनी पत्र आले. पश्चिमी स्टारची नोंद मंजूर झाली होती. डिस्चार्ज बुकात दुरुस्ती होऊन शिक्का लागला. चाचांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि बुक चाचीच्या हातात दिले. चाचीने ते उलटे धरले होते, पण बराच वेळ पाहिले.

प्रत्यक्ष पदक अजून आलेले नाही. या २६ जानेवारीला मी म्हटले, "चाचा, बाजारात अशीच पदकं मिळतात. आणून लावू का? आता नोंद तर झाली आहे." ते म्हणाले, "घाई काय आहे? सरकारचं येईल तेव्हा लावीन." आणि कोटावर तीनच पदके लावून ते शाळेकडे निघाले. दोन वर्षांनी ट्रंक उघडली होती, त्यामुळे चाचीने कोट आदल्या दिवशीच उन्हात घातला होता.

तुमच्या घरातली ट्रंकही या महिन्यात एकदा उघडा. काही अडले तर मला लिहा. जमेल तेवढी मदत करीन, इन्शाअल्लाह.