‘काही झाले नाही’ म्हणणारा जखमी

दिवाळीआधीची गर्दी होती. माझ्या भाच्याच्या कापडदुकानातील एक नोकर माळ्यावरून गठ्ठा काढताना शिडीवरून घसरला आणि त्याचे डोके फरशीवर आपटले. क्षणभर शुद्ध गेली. मग तो उठला, हसला, चहाही घेतला. रक्ताचा थेंब नव्हता. ‘काही झाले नाही’ असे तोच म्हणाला आणि गिऱ्हाइके खोळंबलेली असल्याने सर्वांनी ते खुशाल मान्य केले. पुढे डोके दुखते म्हणून तो गोदामात आडवा झाला. विचित्र घोरणे ऐकून मुनीमजी आत गेले, तेव्हा तो हलवूनही जागा होईना.

मधल्या शुद्धीचा हा काळ फार फसवा असतो. कवटीला लागून असलेली धमनी फाटली, तर रक्त कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साचत जाते. हाडाची कवटी फुगू शकत नाही. सारा दाब मेंदूवर येतो. म्हणून मार लागल्यावर शुद्ध गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढली, बोलणे अडखळले, झटके आले, बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या किंवा गुंगी येऊ लागली, तर ‘झोपू द्या, बरे वाटेल’ म्हणू नये. 108 ला फोन करावा. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांना तर किरकोळ मारानंतरही डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीला बगलेत हात घालून उठवू नये, मान स्थिर धरावी. बेशुद्धाला उलटी होत असेल किंवा श्वास घुरघुरत असेल, तर दोघातिघांनी डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे. रक्त येत असल्यास स्वच्छ कापड दाबून धरावे. हाड खचलेले वाटल्यास मात्र तेथे दाब देऊ नये. नाकाकानातून पाणी वा रक्त आल्यास बोळा कोंबू नये. तोंडात पाणी घालण्याची आपली घाई तर सर्वांत घातक, कारण ते श्वासनलिकेत जाते.

अपघात रस्त्यावरचा असेल, तर पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: ‘पडला किती वाजता, आणि शेवटचे नीट बोलला कधी?’ त्या दिवशीच्या प्रत्येक बिलावर वेळ छापलेली होती. ही वेळ मात्र कोणालाच सांगता येईना. शस्त्रक्रिया होऊन तो वाचला. उजव्या हाताने गाठ मारणे त्याला अजून जमत नाही.