किल्लीच्या बाजूनं चार शब्द

ज्या वस्तूनं आपलं काडीचंही वाईट केलेलं नाही, नेमकी तीच शोधून काढायची आणि तिला घराबाहेरचा रस्ता दाखवायचा, हा सुधारणेचा जुना छंद आहे. दौत गेली, बंब गेला, पाटा-वरवंटा गेला. आता पाळी मोटारीच्या किल्लीची आहे. नवी मोटार बघायला जा. शोरूममधला टाय लावलेला मुलगा दार उघडता उघडता पहिलं वाक्य टाकतो, "सर, हिला चावीच लागत नाही!" स्थळ सांगणाऱ्या मध्यस्थानं आवाज खाली आणून "घरात सासू नाही" म्हणावं, तसा त्या वेळी त्याचा चेहरा असतो. आणि आपणही, या किल्लीनं आपल्याला सात पिढ्या छळलं असावं, अशा आनंदानं मान डोलावतो.

मी किल्लीच्या बाजूचा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांच्या दारात बटणाची गाडी उभी आहे त्यांना पान उलटायला बरं.

ही बटणाची भानगड अशी असते. आपल्या खिशात प्लास्टिकची एक डबी असते. गाडी तिला रेडिओच्या लहरींवरून विचारते, "आहेस का?" डबी म्हणते, "आहे." एवढ्या सलगीवर दार उघडतं, आपण ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबतो आणि इंजिन सुरू होतं. खिशात हात घालायला नको, भोक शोधायला नको, मनगट पिळायला नको. पूर्वी ही चैन परदेशातल्या बड्या लोकांच्या बड्या गाड्यांत असे. आता ती डोंगरकड्याला येऊन पोचली आहे.

डोंगरकडा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रस्त्याच्या बाजूचं केळीवाल्यांचं गाव. मी इथल्या एका बँकेच्या काउंटरमागे बसतो. केळीला भाव आला की गावात मोटारी येतात, आणि भाव पडला की त्यांचे हप्ते यायचे थांबतात. त्यामुळं मोटारींचा उत्कर्ष आणि अपकर्ष हे दोन्ही विषय माझ्या टेबलावरूनच जातात.

शिवाय किल्ली हा बँकेतल्या माणसाचा हक्काचा विषय. आमच्या तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एकानं कितीही जोर लावला तरी ती उघडत नाही. हेड कॅशियर मुलीच्या साखरपुड्याला रजेवर निघाले, तर आधी रजिस्टरात सही, मग किल्ली दुसऱ्याच्या हवाली, मग साखरपुडा. लॉकरचंही तसंच. आमची किल्ली आणि तुमची किल्ली, दोघी आल्याशिवाय तुमचे दागिने तुम्हालासुद्धा दिसायचे नाहीत. यात कुणावर अविश्वास नसतो. शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन बरोबरीचे अंमलदार नेमले, ते काय तिघंही चोर होते म्हणून? एकट्याच्या हातून गड जाऊ नये, एवढाच हिशेब.

हिशेबावरून आठवलं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, हे माझ्या पगाराकडे बघून कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. कॉमर्समध्ये एक गोष्ट डोक्यात पक्की बसवतात: दुहेरी नोंद. लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूनं 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती समजावून सांगितली, आणि तेव्हापासून जगातले सगळे कारकून एका बाजूला नावे आणि दुसऱ्या बाजूला जमा लिहीत आले आहेत. एक नोंद खोटी पडली तर दुसरी चुगली करते.

किल्ली ही मोटारीची दुहेरी नोंद आहे. इंजिन बंद केलं ही एक बाजू, किल्ली हातात आली ही दुसरी. कुलूप धड असेल तर चालू गाडीतून किल्ली निघतच नाही. म्हणजे रात्री दीड वाजता अंथरुणात शंका आली, "गाडी बंद केली होती का?" तर उठून खुंटीकडे बघायचं. किल्ली खुंटीवर आहे, म्हणजे गाडी बंद आहे. दुसरा अर्थच निघत नाही. झोपा.

आता डबीचं बघा. गाडी बंद असली तरी डबी खिशात, चालू असली तरी डबी खिशातच. पैसे भरले असोत नसोत, पावती आधीच फाडून दिलेली! असली पावती मी काउंटरवरून दिली तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातात वेगळाच कागद पडेल.

आमच्या एका केळीवाल्या खातेदाराचा मासला सांगतो. मामा पीककर्जाचं नूतनीकरण करायला आले. नूतनीकरण म्हणजे दीड तास कुठं गेला नाही. तेवढा वेळ बाहेर लिंबाखाली त्यांची नवी गाडी एसीसकट चालू होती. ते उतरले तेव्हा गाडी दोनदा पिकपिकली म्हणे. पण हल्लीची गाडी कशालाही पिकपिकते. पट्टा लावला नाही, दार लागलं नाही, पेट्रोल कमी आहे. सारखी कुरकुर करणाऱ्या माणसाची खरी तक्रार जशी कुणी ऐकत नाही, तसंच झालं. मामा मला म्हणाले, "साहेब, चालू हाय का बंद हाय, काई कळंनाच झालंय. बैलाचं बरं हुतं. धापा टाकायला की कळायचं." इंजिनाचा आवाज बंद केला, किल्ली काढून घेतली, आणि वर माणसाला म्हणायचं, तुम्ही विसराळू!

आमच्या दाजींचा किस्सा याच्या वरताण. ताई आणि दाजी हिंगोलीहून नांदेडला निघाले होते. दाजी चहाला म्हणून आमच्याकडे उतरले आणि मुलांना घेऊन ताई गाडी हाकत पुढं गेली. डबी दाजींच्या खिशात. गाडीनं एकदा पिकपिक केलं असेल; पण मागच्या सीटवर दोन पोरं भांडत असताना ते कुणाला ऐकू येतं! अशी गाडी डबीवाचून चालत राहते, मात्र एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. नांदेडात मंगल कार्यालयाच्या फाटकात, नवरदेवाच्या घोड्याच्या पुढ्यात, ताईनं गाडी बंद केली. पुढं काय झालं ते ताई सांगत नाही. इकडं दाजी एस.टी.च्या लाल गाडीत उभ्यानं, वरच्या दांडीला लोंबकळत, ती डबी पोचती करायला निघाले. लाखो रुपयांच्या गाडीची अक्कल तिकीट काढून एस.टी.नं न्यावी लागली. किल्लीची गाडी असती, तर ताई अंगणातूनच हलू शकली नसती.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही. अमेरिकेत बऱ्याच घरांना मोटारीची खोली भिंतीला भिंत लावून असते. तिथं माणसं बटणाची गाडी आत लावून, दार ओढून, घरात जाऊन झोपली. इंजिन सुरूच होतं आणि विषारी धूर घरात शिरत राहिला. न्यूयॉर्क टाइम्सनं 2018 साली मोजलं, तर 2006 पासून अशी 28 माणसं गेली होती. त्यांत म्हातारी माणसं बरीच होती. सगळा जन्म त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली होती. खिशात वस्तू आहे म्हणजे गाडी बंद आहे, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. आपण गाडीतली किल्ली बदलतो. हाताला झालेलं पाठांतर कोण बदलणार?

यावर बटणपक्षाकडे एक हुकमी पत्ता आहे. तो म्हणतो, किल्लीनं काय कमी माणसं मारली? जनरल मोटर्सच्या गाड्यांत किल्लीचा जुडगा जड झाला किंवा गुडघा लागला, की खटका सरकून धावती गाडी बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. 2014 साली लाखो गाड्या परत बोलावल्या, 124 मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिथं खटका सदोष होता. दोष सापडला, खटका बदलला. या 28 जणांच्या गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं. बटण ठणठणीत, डबी ठणठणीत, इंजिन ठणठणीत. कारागिरांनी ठरवलं होतं तसंच सगळं चाललं आणि माणूस गेला.

दुसरा आक्षेप: "मग हँडल मारत बसायचं का?" अजिबात नाही. हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं तर माणसाचा हात मोडत असे. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरनं तो छळ थांबवला, त्याला माझा नमस्कार. 1949 साली क्रायस्लरनं किल्ली फिरवली की इंजिनही सुरू, अशी सांगड घातली, तिलाही नमस्कार. पण त्यांनी माणसाचे कष्ट कमी केले. किल्ली फिरवण्यात कसले आलेत कष्ट? तिथं कमी होतं ते माणसाचं भान. सोय कष्टाची करावी. भानाची करू लागलात की मामांची गाडी लिंबाखाली दीड तास घुमत राहते. एखाद्या आजीच्या बोटांना संधिवात आहे आणि किल्ली पिळत नाही, तर तिला बटण खुशाल द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागतं म्हणून साऱ्या गावाच्या डोळ्यांत कुणी थेंब घालत नाही.

तिसरा मुद्दा चोरीचा. शोरूममधला मुलगा म्हणतो, "चावीच नाही, तर चोर काय चोरणार?" स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या संशोधकांनी 2011 साली दाखवून दिलं आहे. आठ कंपन्यांच्या दहा गाड्या त्यांनी घेतल्या. एक यंत्र डबीजवळ, दुसरं गाडीजवळ. गाडीची हाक इकडून तिकडं पोचवायची आणि डबीचा होकार तिकडून इकडं. गाडीला वाटतं, मालक शेजारीच उभे आहेत. दहाच्या दहा गाड्यांची दारं उघडली, इंजिनं सुरू झाली, आणि काच फुटली नाही, तार कापली नाही. पुढं अनेक कंपन्यांनी सुधारणा केल्या. पण परदेशात पोलीस अजून सांगतात, की डबी घरात धातूच्या डब्यात ठेवा. म्हणजे विज्ञानाची झेप कुठवर? हळदीच्या डब्यापर्यंत! शिवाय आपल्याकडे गाडी चोरीला गेली की विमा कंपनी पहिलं काय मागते? दोन्ही किल्ल्या. चोरानं किल्लीला हातही लावलेला नाही, आणि सगळा तपास किल्लीपासून.

कुलूप नाही म्हणून मिरवण्यातही एक गंमत असते. शनी शिंगणापूरला घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा आहे. तिथंही 2010 साली एका पाहुण्यानं आपल्या वाहनातून सुमारे 35 हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार केली. 2011 साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा उघडली. मी बँकेतला माणूस, मला रात्रभर झोप लागेना. मग कळलं, की काचेच्या दाराला विजेच्या चुंबकाचं कुलूप आहे, फक्त ते दिसत नाही. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. शनिमहाराजांवर बँकेची श्रद्धा असेलच, पण रोकड शिलकेची जबाबदारी त्यांच्यावर टाकायला कुठलीही बँक धजावत नाही.

हातातलं काढून घ्यायची ही खोड किल्लीवर थांबलेली नाही. गाडीतले खटके गेले आणि त्यांच्या जागी दूरदर्शन संचाएवढी काच आली. स्वीडनच्या एका मोटार मासिकानं 2022 साली चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगानं जाताना एसी, रेडिओ वगैरे चार साधी कामं करायची. 2005 च्या जुन्या व्होल्वोत, खटके चाचपून, ती 10 सेकंदांत झाली. काचेवर बोटं नाचवणाऱ्या सर्वांत वाईट गाडीत 44 सेकंदांहून जास्त लागले. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरच्या पुढं गेलेली असते. आमच्या रस्त्यावर तेवढ्या अंतरात एक वळण, दोन म्हशी आणि उसाची एक ट्रॉली सहज येते. आता युरोपातली युरो एनकॅप ही संस्थाच 2026 पासून म्हणते आहे, की पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांना हाताला लागणारे खटके द्या. खटके परत यायला लागले, तर किल्लीनं कुणाचं काय घोडं मारलं आहे?

माझं मागणं फार नाही. बटणाची गाडी उभी असताना डबी दूर गेली, तर थोड्या वेळात इंजिन आपोआप बंद झालं पाहिजे, आणि ते सक्तीचं पाहिजे. अमेरिकेनं 2021 च्या कायद्यात असा नियम करायला सांगितलं. आपण 28 मोजायची वाट कशाला बघावी? आणि दुसरं, चांगल्या वरच्या मॉडेलची गाडी घेणाऱ्यानं किल्ली मागितली तर ती त्याला मिळावी. साडीवर ब्लाउजपीस गळ्यात मारावा, तसं बटण गळ्यात मारू नये.

आणि कुणी म्हणेल, किल्लीचे दिवस आता संपले, तर त्यानं ती डबी नीट उलटून बघावी. बहुतेक डब्यांच्या कडेला एक बारीक कळ असते. ती दाबून ओढली की आतून काय निघतं? पोलादाची छोटी किल्ली! डबीची बॅटरी मेली तर दार उघडायला. किल्लीची गरज नाही असं जगाला ओरडून सांगणाऱ्यांनीच ती डबीच्या पोटात दडवून ठेवली आहे.

आमच्या शाखेत रोज संध्याकाळी दोन माणसं दोन किल्ल्या फिरवतात, आणि निघताना हेड कॅशियर तिजोरीचं हँडल एकदा ओढून बघतात. आत रोकड असते ती लोकांची, आणि तिचा विमा उतरवलेला असतो. तरी दोन किल्ल्या आणि वर ते एकदा ओढून बघणं. मग तेच हेड कॅशियर बाहेर येतात, गाडीत बायको-मुलांना बसवतात आणि एक बटण दाबतात.